फोटोत मोठा भाऊ कुठी हाय?

विधानसभेच्या उमेदवाराने ४० लाखांच्या वर खर्च करायचा नाही, असा निवडणुकीचा नियम आहे. हा हिशेब चोख राहावा म्हणून जिल्ह्याचं निवडणूक कार्यालय दरांची यादीच काढतं. चहा केवढ्याला, समोसा केवढ्याला, खुर्चीचं भाडं, मंडपाचं भाडं, ढोलताशे, हार, फ्लेक्सचा चौरस फुटाचा दर. या यादीत आई नाही. उमेदवाराने आईच्या पायावर डोकं ठेवलं, बायकोकडून औक्षण करून घेतलं, नातवाला कडेवर घेऊन संत्र्याच्या बागेत उभा राहिला, तर खर्चाच्या वहीत शून्य. प्रचाराचं इतकं स्वस्त साहित्य दुसरं नाही, आणि आमच्या पांढुर्णा-सौंसरच्या उमेदवारांना ते चांगलं ठाऊक आहे.

हा मध्य प्रदेशातला मराठी कोपरा. १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूरच होती. मग राज्यांची फेरमांडणी झाली, राजधानी भोपाळला गेली आणि आम्ही होतो तिथेच राहिलो. आजही लग्नाचा बस्ता नागपूरला, मोठा दवाखाना नागपूरला. भोपाळला जातं ते फक्त मत. ५ ऑक्टोबर २०२३ पासून आमचा वेगळा जिल्हाही झाला. पांढुर्णा आणि सौंसर, दोनच आमदार. एवढ्याशा मुलखात उमेदवाराच्या घरी कोण कोण आहे हे सांगायला फोटो कशाला हवा? त्याच्या आजोबांकडे सालदार कोण होता, धाकट्या बहिणीची पहिली सोयरीक कशावरून मोडली, हे लोकांना त्याच्यापेक्षा जास्त माहीत. तरी दर निवडणुकीला सहकुटुंब फ्लेक्स लागतात, आणि लोकही थांबून बघतात. फक्त लावणाऱ्याच्या मनात असतं ते बघत नाहीत.

लावणाऱ्याला सांगायचं असतं की बघा, हा भरल्या घरचा माणूस आहे. बघणारा हजेरी घेतो. पानठेल्यावर उभा असलेला पहिला माणूस मान वर करून विचारतो, "फोटोत मोठा भाऊ कुठी हाय?"

"त्याची अन् याची वाटनी झाली नं मागच्या साली."

"मंग विहीर कोनाकडं गेली?"

"विहीर मोठ्याकडं, मोटर याच्याकडं."

"आता काय करते मोटरीचं? वोट उपसते का?"

पुढचा अर्धा तास विहिरीवर जातो. फ्लेक्सवर खाली विकासाची पाच वचनं छापलेली असतात, ती कुणी वाचत नाही. भाऊबंदकी हा आमचा राष्ट्रीय विषय आहे, आणि सहकुटुंब फोटो म्हणजे त्यात कोण नाही याची जाहीर नोटीस.

हे फोटो घडतात कसे, ते फ्लेक्सच्या दुकानात बसून बघावं. सगळं घर एका वेळी एका ठिकाणी हसत उभं राहील हा प्रकार लग्नाशिवाय घडत नाही. म्हणून उमेदवाराचा माणूस लग्नाचा अल्बम घेऊन येतो. कॉम्प्युटरवर बसलेला पोरगा आईला एका फोटोतून कापतो, बायकोला दुसऱ्यातून, पोरांना शाळेच्या गॅदरिंगमधून. आई पातळ नेसून गंभीर, कारण तिच्या फोटोत लेकीची पाठवणी चाललेली असते. मुलगी परीच्या पंखांत. मागे हिरवागार डोंगर, जो आमच्या सातपुड्यातला नाही, कारण त्याच्यावर बर्फ आहे. कापताना कधी मेहुण्याचा हात उमेदवाराच्या खांद्यावर तसाच राहून जातो. पाच बोटं, एक अंगठी, पुढे माणूस नाही. अशा हाताकडे बघून गावात जे अर्थ काढले जातात ते काढायला राजकीय विश्लेषक कमी पडतील. खाली मात्र मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव न चुकता असतं, कारण ते कायद्याने लागतं.

सासुरवाडीचा विषय तर आणखी नाजूक. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधून जाम नदी वाहते, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवरून गोटमार चालते. दगड कशावरून, तर या काठच्या पोराने त्या काठची पोरगी पळवून नेली, अशी कथा आहे. एका सोयरिकीचा निकाल इतकी वर्षं लागलेला नाही. अशा गावात ज्याची बायको सावरगावची, त्याने तिला फोटोत कुठल्या बाजूला उभी करावी हा साधा प्रश्न नाही.

पोळ्याचा फोटो हा दुसरा हमखास प्रकार. झूल घातलेली बैलजोडी, शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंग, शेजारी फेटा बांधलेला उमेदवार, आणि बायकोच्या हातात ताट. तिच्या आयुष्यातली बैलाची ही दुसरी भेट, हे तिच्या उभं राहण्यावरून कळतं. इथेही लोक उमेदवाराकडे बघतच नाहीत. ते बैलाकडे बघतात, आणि शिंगांच्या वळणावरून बैल कुणाचा ते सांगतात.

जनावर मध्ये आणून घरगुती होण्याची ही कला आमचीच, असा गैरसमज नको. अमेरिकेत १९५२ साली रिचर्ड निक्सन उपाध्यक्षपदाला उभे होते. देणगीदारांच्या निधीवरून आरोप झाले. २३ सप्टेंबरला ते टीव्हीवर बसले, शेजारी पत्नी पॅट, आणि साऱ्या देशाला घरचा हिशेब ऐकवला. बायकोकडे मिंकचा फरकोट नाही, साधा कापडी कोट आहे, हेही सांगितलं. मग म्हणाले, एक भेट मात्र घेतली आहे. चेकर्स नावाचं कुत्रं. पोरींना त्याचा लळा लागलाय, काही झालं तरी परत करणार नाही. देश विरघळला, निक्सन निवडून आले. केनेडींच्या टेबलाखालून डोकावणाऱ्या छोट्या जॉनचा तो प्रसिद्ध फोटो १९६३ च्या ऑक्टोबरातला. मुलांचे फोटो काढलेले आईला आवडत नसत, म्हणून ती परदेशी गेल्याचं बघून काढून घेतला. बायको माहेरी गेली की नवरे काय काय करतात याचा हा त्यातल्या त्यात सभ्य नमुना.

पण कुटुंबाचा फोटो निवडणुकीत कसा वापरावा याचं खरं विद्यापीठ आमच्याच लोकसभा मतदारसंघात, छिंदवाड्यात आहे. १९७७ च्या लाटेतसुद्धा मध्य प्रदेशात काँग्रेसची एवढी एकच जागा वाचली होती. १९८० ला तिथे कमलनाथ आले. जन्म कानपूरचा, शिक्षण डून स्कूलमध्ये आणि कलकत्त्याला, संजय गांधींचे शाळूसोबती. सातपुड्यात त्यांचं ना शेत, ना सोयरा. अशा माणसाने सहकुटुंब फोटो काढायचा तर कुणाबरोबर? इंदिरा गांधी प्रचाराला आल्या आणि हा माझा तिसरा मुलगा, अशी त्यांनी ओळख करून दिली, असं इकडे सांगतात. एका वाक्यात सगळी अडचण मिटली. ज्याचं गावात कुणी नाही त्याला एकदम आई मिळाली, आणि ती पंतप्रधान होणारी. दत्तक जायचं तर असं जावं. आमच्याकडे दत्तक घेतलेल्याला निदान चार एकर तरी मिळतात. यांना अख्खा जिल्हा मिळाला.

मग १९९६. हवाला प्रकरणात नाव आलं म्हणून कमलनाथांना तिकीट मिळालं नाही. ते प्रकरण पुढे न्यायालयात टिकलं नाही, पण निवडणूक काही न्यायालयासाठी थांबत नाही. पत्नी अलका नाथ उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. इथपर्यंत ठीक. पुढे त्यांनी राजीनामा दिला, १९९७ ला पोटनिवडणूक लागली, कमलनाथ स्वतः उभे राहिले, आणि भाजपच्या सुंदरलाल पटवांकडून हरले. पुढच्याच वर्षी लोकांनी त्यांना पटवांच्याच विरुद्ध निवडून दिलं, म्हणजे राग काही कायमचा नव्हता. माझं आपलं मत असं की मतदाराने वहिनींना खरोखर निवडून दिलं होतं. त्यांना खुर्चीवर ठेवलेला रुमाल समजू नये, एवढंच त्याला सांगायचं होतं. सांगून झालं, मग पुन्हा जैसे थे. ही निवडणूक दर पंचायतीच्या वेळी गावोगावच्या नवऱ्यांना वाचून दाखवावी असं मला फार वाटतं.

कारण पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत आणि फ्लेक्सवरची निम्म्याहून जास्त जागा नवऱ्यांची. उमेदवार सौ., तिचा फोटो डाव्या कोपऱ्यात, डोक्यावर पदर, नजर खाली. मधोमध तिचा नवरा, पांढरा कुर्ता, मोबाइल कानाला, दुसरा हात उंच. निवडणूक तिची, फोन याला. २०२२ च्या पंचायत निवडणुकीनंतर दमोह आणि सागरकडून बातम्या आल्या की निवडून आलेल्या बायकांच्या जागी त्यांच्या नवऱ्यांनीच शपथ घेऊन टाकली. फ्लेक्सवरची मांडणी त्यांनी मनावर घेतली असणार.

नाथांकडे परत येतो. २०१९ ला फोटोत मुलगा पुढे आला. वडील मुख्यमंत्री, मुलगा नकुलनाथ लोकसभेला. मध्य प्रदेशात काँग्रेसची तेवढीच एक जागा आली, ३७,५३६ मतांनी. धाकट्या मुलाचं नाव बकुल. नकुल-बकुल ही जोडी कानाला इतकी गोड लागते की पानठेल्यावर तिसऱ्या नावाचे सुद्धा प्रस्ताव येऊन गेले. २०२३-२४ ला सूनबाई प्रिया नाथही प्रचारात होत्या. सासरे, सासू, मुलगा, सून; शिकारपूरच्या मतदान केंद्राबाहेर सगळ्यांनी डाव्या हाताचं शाई लावलेलं बोट वर केलेला फोटो. या बोटाच्या फोटोला मी सहकुटुंब छायाचित्रांत सगळ्यात वरचा मान देतो. एरवी एका घरातली माणसं एकमेकांकडे जे बोट दाखवतात ते त्या एका दिवशी आभाळाकडे असतं.

पण २०२४ ला फोटोच्या कडा सुटायला लागल्या होत्या. फेब्रुवारीत बापलेक भाजपमध्ये चालल्याच्या वावड्या उठल्या, मुलाने समाजमाध्यमावरच्या ओळखीतून पक्षाचं नाव काढलं, दिल्लीत कॅमेरे जमले, आणि कुणीच कुठे गेलं नाही. गेले ते बाकीचे. दीपक सक्सेनांनी २०१९ ला आपली आमदारकी सोडून कमलनाथांना विधानसभेची वाट करून दिली होती, म्हणजे सख्ख्या भावाने करावं असं काम केलं होतं. ते ऐन प्रचारात भाजपमध्ये. छिंदवाड्याचे महापौर विक्रम अहाके १ एप्रिलला भाजपमध्ये, आणि १९ एप्रिलला मतदानाच्या दिवशी नकुलनाथांना मत द्या म्हणून त्यांचा व्हिडिओ! आमच्याकडे लग्नात रुसलेला काका असा ऐन वेळी फोटोत येऊन उभा राहतो, पण तोपर्यंत फोटोग्राफरने कॅमेरा गुंडाळलेला असतो. नकुलनाथ १,१३,६१८ मतांनी हरले. सहाच महिन्यांपूर्वी जुन्या छिंदवाडा जिल्ह्याच्या सातही विधानसभा, पांढुर्णा-सौंसरसकट, काँग्रेसला देणारे हेच मतदार.

जिंकले ते विवेक बंटी साहू. यांनी कुटुंबाचा फोटो किती लावला ते सोडा. मुळात नावातच बंटी. घरात आई हाक मारते ते नाव थेट मतपत्रिकेवर. ज्याला जग बंटी म्हणतं तो बाहेरचा असूच शकत नाही, आणि समोर तर ४४ वर्षं राहूनही बाहेरचं म्हणवलं जाणारं घराणं. आमच्या सौंसरच्या बाजूला ही युक्ती जुनीच आहे. तिथे भाजपकडून नानाभाऊ मोहोड उभे राहतात. नाना आणि भाऊ, दोन नाती एका नावात. त्यांच्या विरुद्ध जिंकणारे आमदार निवडणूक आयोगाच्या कागदावर विजय रेवनाथ चौरे, आणि पांढुर्ण्याचे आमदार निलेश पुसाराम उइके. मराठी रिवाजाप्रमाणे वडील मधे बसलेले. फ्लेक्सचा एक पैसा खर्च न होता वडिलांचा फोटो छापून येतो तो असा.

ज्यांना घरचा फोटो पुरत नाही ते मतदारालाच फोटोत घेतात. शिवराजसिंह चौहान मुख्यमंत्री असताना अख्ख्या राज्याचे मामा झाले. २०२३ ला लाडली बहना योजना आली, महिन्याला आधी १,००० मग १,२५० रुपये, आणि मामा बायकांचे भाऊही झाले. हिंदीवाल्यांना यात काही विशेष वाटलं नसेल, पण नात्यांच्या बाबतीत काटेकोर असलेल्या आमच्या म्हाताऱ्यांनी तपासून पाहिलं: आईचा भाऊ तो मामा, म्हणजे हिशेब बरोबर. ऑगस्ट २०२३ मध्ये मामा जामसावळीला आले, तिथल्या निजलेल्या हनुमानाच्या देवळात हनुमान लोकाचं भूमिपूजन केलं, पांढुर्ण्याला जिल्हा देऊ म्हणाले आणि दिलाही. आम्ही भाचरांनी जिल्हा घेतला आणि दोन्ही जागा काँग्रेसला दिल्या. मामाकडून घ्यायचं असतं. मामाला द्यायचं असतं असं कुठल्याच शास्त्रात नाही. राज्यात निवडणूक भाजपनेच जिंकली, मुख्यमंत्री मात्र मोहन यादव झाले, आणि शिवराजसिंहांनी भोपाळच्या बंगल्याला 'मामा का घर' नाव दिलं.

जामसावळीच्या देवळाची एक गंमत मला नेहमी वाटते. सगळ्या पक्षांचे उमेदवार तिथे सहकुटुंब जातात, बायको-मुलांसह हात जोडून फोटो काढतात, आणि समोर देव कोण, तर ब्रह्मचारी. तोही निजलेला. संसाराचं एवढं प्रदर्शन बघून त्याने कूस बदलली नाही हाच मोठा चमत्कार.

ब्रह्मचाऱ्यावरून आठवलं. एकट्या माणसाचा सहकुटुंब फोटो ही सगळ्यात अवघड कला. नरेंद्र मोदींचे वाढदिवसाला आईजवळ बसलेले, तिच्या हातून घास घेणारे फोटो देशाने वर्षानुवर्षं पाहिले. ३० डिसेंबर २०२२ ला हिराबा गेल्या. ३ मार्च २०२४ ला पाटण्यात लालूप्रसाद म्हणाले की या माणसाला कुटुंबच नाही. लालूंनी हे बोलायला नको होतं. नऊ मुलांच्या बापाने एकट्याला हिणवू नये, एवढा साधा रिवाज आहे. दुसऱ्याच दिवशी भाजपच्या झाडून साऱ्या पुढाऱ्यांनी नावापुढे 'मोदी का परिवार' लावलं. आमच्याकडच्या वॉर्डाध्यक्षांपर्यंत सगळे एका दिवसात चुलत झाले. ११ जूनला, निकालानंतर, मोदींनीच सांगितलं की आता काढा. एवढं मोठं एकत्र कुटुंब एका दिवसात जमलं आणि तीन महिन्यांत वेगळं झालं, आणि विहिरीवरून एक शब्द नाही.

विहिरीचा शोध मात्र आमच्या पानठेल्यावर अजून चालू असतो, आणि त्याला कागद सापडला आहे. उमेदवारी अर्जाबरोबर फॉर्म २६ नावाचं शपथपत्र द्यावं लागतं. त्यात रकाने असतात: स्वतः, जोडीदार, अविभक्त हिंदू कुटुंब, आणि अवलंबून असलेले एक, दोन, तीन. कुणाच्या नावावर किती एकर, किती तोळे, किती कर्ज, सगळं लिहायचं. माझ्या मते खरा सहकुटुंब फोटो हाच. इथे कुणाला कापून आणता येत नाही, मागे बर्फाचा डोंगर लावता येत नाही. फ्लेक्सवर मातीच्या चुलीसमोर बसलेली मंडळी इथे कोटीत भेटतात. २०२४ ला नकुलनाथांच्या शपथपत्रात कुटुंबाची मालमत्ता ७०० कोटींच्या वर होती. ज्या बायकोला फ्लेक्सवर कोपऱ्यात उभं केलं तिच्या नावावर पेट्रोल पंप निघतो. ज्या भावाला फोटोतून काढला तो अविभक्त कुटुंबाच्या रकान्यात शांतपणे बसलेला असतो. हे कागद आयोगाच्या वेबसाइटवर सगळ्यांना बघायला मिळतात, आणि आमच्याकडे ते मोबाइलवर उघडून मोठ्याने वाचून दाखवणारे दोन-तीन जण आहेत. निवडणुकीच्या दिवसांत त्यांच्या चहाचे पैसे कधी त्यांना द्यावे लागत नाहीत.

आणि एवढा सगळा खटाटोप करून उमेदवार शेवटी मशीनवर येतो तो एकटाच. २०१५ च्या मे महिन्यापासून मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो असतो, कारण एकाच नावाचे चार-चार उमेदवार उभे करून लोकांना फसवण्याची पद्धत फार वाढली होती. आकार २ बाय २.५ सेंटिमीटर. त्यात आई मावत नाही, बैल मावत नाही. आता तर रंगीत फोटो आला आहे. २०२५ ला बिहारपासून सुरुवात झाली, आणि पाऊण भाग चेहऱ्यानेच भरला पाहिजे असा हुकूम. टोपी टाळा, काळा चष्मा टाळा, गणवेश नको, डोळे उघडे, तोंड समोर, आणि चेहऱ्यावर कुठलाही भाव नको.

हा भाव नसण्याचा नियम पुढाऱ्यांना फार जड जातो. उभं आयुष्य लोकांकडे बघून हसण्यात गेलेलं. गाल आपोआप वर जातात. आमच्याकडच्या एका इच्छुकाचा असा फोटो काढणं चाललं होतं. दहा-बारा वेळा क्लिक झालं, दर वेळी दात. फोटोग्राफर वैतागला. म्हणाला, "साहेब, थोडं गंभीर व्हा." साहेब गंभीर झाले तर तेराव्याला आल्यासारखे दिसायला लागले. तेही चालेना. शेवटी बाकावर बसून औक्षणाच्या फोटोसाठी आपल्या पाळीची वाट बघणाऱ्या त्यांच्या बाईसाहेब उठून आल्या. म्हणाल्या, "अहो, घरी बसता तसे बसा नं."

पहिल्याच क्लिकला फोटो पास झाला.